मध, हळद आणि तळपायावरची जखम
मधुमेहींच्या जखमेवर घरचा मध लावावा, कारण रुग्णालयांतही तो वापरतात, हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे अर्धेच खरे आहे. रुग्णालयातील मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातील मधात क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचे बीजाणू (त्यांचे टणक, सुप्त रूप) असू शकतात, आणि ते साध्या उकळीने मरत नाहीत. हळदीची पूडही निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या पिवळेपणाखाली जखमेचा बदलता रंग झाकला जातो.

मध-हळदीच्या बोलण्यात राहून जाणारी गोष्ट म्हणजे जखमेवर पडणारा दाब. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेला मनुष्य लंगडत नाही, जखमेवर पूर्ण भार देऊन चालत राहतो, आणि म्हणून तळपायाची जखम कोणताही लेप लावला तरी चिघळत राहते. तेथील भार हटवणारे प्लास्टर किंवा खास पादत्राण हा उपचाराचा मुख्य भाग असतो (लेपांच्या चर्चेत हे नेहमीच मागे पडते). आमच्या काकांनी कुरुपावर दुकानातून आणलेली कॉर्न कॅप (कुरूप काढायची औषधी चिकटपट्टी) लावली होती. तिच्यातील सॅलिसिलिक आम्लाने भोवतालची चांगली कातडीही सोलली गेली, पण दुखलेच नाही, त्यामुळे मोजा ओला दिसेपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही.