.२५ बोअरचं वापरलेलं कोल्ट पिस्तूल घ्यावं का? घेणारा निपाणीचा, देणारा कोल्हापूरचा

निपाणी_वखार
नमस्कार मंडळी. निपाणीत तंबाखूची वखार आहे, हंगामात रोकड घेऊन ये-जा करावी लागते. लायसन बेळगाव डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचं, एनपीबी (प्रतिबंधित नसलेल्या बोअरचं), क्षेत्र फक्त कर्नाटक. त्यावर एक बाराबोर बंदूक चढलेली आहे, पिस्तूल/रिव्हॉल्व्हरचा रकाना अजून मोकळा आहे. कोल्हापुरात ओळखीतल्या एकांना त्यांचं कोल्ट १९०८ द्यायचंय. .२५ बोअर (नळीचं माप, इंचात), दोन मॅगझिन, वरून ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) चांगलं दिसतं. दीड लाख सांगतात. माझं बजेट तेवढंच, वर एक रुपया नाही. अंगावर दिसणार नाही असं लहानच पाहिजे, म्हणून .३२ नको. बघायला जाताना काय काय तपासू, काडतुसांचं कसं होईल आणि कागदपत्रं कशी करायची, तेवढं सांगा.

चिकोडी_पाटील
.३२ घ्या. सरकारी फॅक्टरीचं अशनी पिस्तूल नवंकोरं मिळतं, खडकीची काडतुसं त्याला चालतात, जन्माची चिंता नाही. आणि जुनंच पाहिजे असेल तर थोडे पैसे घाला आणि वॉल्थर पीपी बघा. माझ्याकडे तेच आहे, स्लाइडवर अजून चकाकी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसनवाल्याला बाहेरून हत्यार आणणं बंद झालं, त्यामुळे परदेशी मालाची किंमत खाली येत नाही. पैसे कुठं जात नाहीत तुमचे.

निपाणी_वखार
पाटीलसाहेब, दीड लाख म्हटलंय ओ.

कॅम्प_सुभेदार
बोअरचा वाद नंतर करू. आधी बघायचं कसं ते घ्या.

पहिलं म्हणजे मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथं) डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. सुरुवातीच्या कोल्ट १९०८ मध्ये मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी उडते. मॅगझिन काढल्यावर ट्रिगर अडवणारा भाग नंतरच्या मालात आला. समोरचा "रिकामं आहे" म्हणाला म्हणून ट्रिगरला हात लावू नका.

मग रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला पुढे ढकलणारी. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड ओढून हळू हळू पुढे सोडा. शेवटचा पाव इंच तिने स्वतःच्या जोराने बंद व्हायला पाहिजे. अंगठ्याने ढकलावी लागली तर स्प्रिंग मेली आहे किंवा आत वाळलेलं ग्रीस आहे. मेलेल्या स्प्रिंगवर चालवत राहिलं की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते आणि वर्षानुवर्षांनी तिथं तडा जातो. स्लाइड उतरवून भिंगाने कोपरे बघा, केसासारखी रेघ दिसली तर तिथून उठा.

सेफ्टी दोन आहेत, दोन्ही वेगवेगळ्या तपासा. मुठीमागची पट्टी न दाबता ट्रिगर ओढा, स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन) सुटता कामा नये. मग पट्टी दाबून, अंगठ्याची सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबा, सोडा, आणि सेफ्टी खाली करा. सेफ्टी खाली करताना टक् आवाज आला तर सिअर, म्हणजे स्ट्रायकरला धरून ठेवणारा खटका, झिजलाय. असं पिस्तूल फुकट मिळालं तरी नको.

नळीत पांढरा कागद धरून उजेडात बघा. बारीक खड्डे म्हणजे जुन्या क्षारवाल्या प्रायमरची (काडतुसाच्या बुडातला पेट घेणारा भाग) काडतुसं मारून धुतलेलं नाही. थोडे खड्डे चालतात. पण आडवी काळी कडी दिसली तर नळी फुगलेली आहे: कधीतरी गोळी आत अडकली आणि मागून दुसरी मारली. ती नळी गेली.

ब्ल्यूइंग "चांगलं दिसतं" हेच मला खटकतं. कोल्टची अक्षरं आणि घोडा यांच्या कडा धारदार आहेत का बघा. कडा गोल झाल्या असतील तर पॉलिश मारून पुन्हा रंगवलंय, आणि पॉलिश बहुतेक गंज झाकायलाच मारतात.

अनगोळ_७६५
स्ट्रायकर नीट मारतो का बघायला सोपी युक्ती आहे. नळीत रबराचं टोक आत करून पेन्सिल टाका, तोंड वर धरून ट्रिगर दाबा. पेन्सिल उडाली पाहिजे.

कॅम्प_सुभेदार
ती युक्ती .३२ ला. नेहमीची पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते, .२५ च्या नळीत शिरणारच नाही. बारीक गोल लाकडी काडी घ्या, मागचं टोक सपाट करून. आणि ट्रिगर उगाच वीस वेळा ओढत बसू नका, जुन्या स्ट्रायकरची टोकं अशीच तुटतात. बदली भाग इथे सहज मिळत नाहीत.

उद्यमबाग_टर्नर
स्ट्रायकर काय, आमच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या लेथवाल्याला नमुना दिला की दुपारपर्यंत पिन तयार. इथे हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये करतात की ओ.

टिळकवाडी_वकील
हे कृपया करू नका. आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. लेथवाला आणि देणारा, दोघेही अडकतील. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडेच द्या, पावतीवर हत्याराचा नंबर लिहून घ्या.

मूळ प्रश्नाकडे येतो. दोन खाजगी लायसनधारकांमध्ये विक्री करता येते, पण विकणाऱ्याने आधी आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. त्यात घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता पाहिजे. कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाईपर्यंत हत्यार हातात घ्यायचं नाही. पोच शिक्क्यासकट घ्या आणि झेरॉक्स तुमच्याकडेही ठेवा. बयाणा द्यायचा तर चेकने, आणि "परवानगी न मिळाल्यास परत" असं कागदावर लिहून.

त्याच वेळी तुम्ही बेळगावला अर्ज करा: मेक, बोअर, फ्रेमवरचा नंबर, विकणाऱ्याचं लायसन आणि त्याचा यूआयएन (लायसनचा ओळख क्रमांक). फ्रेमवरचा नंबर त्यांच्या लायसनवरच्या नंबराशी स्वतः एकेक आकडा जुळवून बघा. जुन्या नोंदींत ३ चा ८ झालेला असतो, आणि ती चूक दुरुस्त करायला पिस्तूल शोधण्याहून जास्त वेळ जातो.

आता खरी अडचण. तुमचं क्षेत्र फक्त कर्नाटक. सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडे ते पिस्तूल तुमच्या ताब्यात असणं म्हणजे लायसनच्या अटीचा भंग, मग निपाणी कितीही जवळ असो. सरळ वाट म्हणजे विकणाऱ्याचं लायसन अखिल भारतीय असेल तर त्यांनीच बेळगावला आणून द्यायचं. नसेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज करा, नाहीतर कोल्हापूरच्या डीलरकडून बेळगावच्या डीलरकडे वाहतुकीच्या परवान्यावर मागवा. पिस्तूल मिळालं की ते घेऊन ऑफिसला जा आणि लायसनवर चढवून घ्या. त्यांच्या लायसनवरून ते उतरल्याची नोंदही बघून घ्या.

शहापूर_सीमावासी
अर्ज मराठीतच द्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघातल्या किंवा राज्यातल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. कन्नडमध्येच द्या म्हणून परत पाठवतात, ते ऐकून घेऊ नका.

टिळकवाडी_वकील
कलम बरोबर आहे, आणि हक्क मागितलाच पाहिजे. फक्त पोलीस पडताळणीचा शेरा कन्नडमध्ये होतो, तेव्हा सोबत कन्नड प्रत जोडली की फाइल टेबलावर पडून राहत नाही.

शहापूर_सीमावासी
प्रत जोडत गेलो म्हणूनच आज ही वेळ आली आहे.

खानापूर_रानवाट
भाषेचं वेगळ्या धाग्यात घ्या की. माझं म्हणणं, .२५ घेऊ नगासा. आमच्या बाजूला रानडुकरं उसात शिरत्यात, त्याला .२५ नं काय हुतंय? बाराबोरच बरी.

निपाणी_वखार
दादा, डुकरासाठी नाही, रोकडीसाठी पाहिजे. बाराबोर आहेच.

खानापूर_रानवाट
मग गंजाचं तरी ऐका. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरात हत्यार ठेवलं की आठवड्यात तांबूस डाग येतोय. चामडं ओल धरतंय. निपाणीत पाऊस कमी, पण वखारीतली हवा दमटच. घरात असताना होल्स्टरातनं काढा, तेलाचा पातळ हात मारा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. नळीला पितळेचीच सळई, लोखंडाची घालू नका.

अनगोळ_७६५
हे कुणी बोललं नाही म्हणून: २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसनधारकाला दोनच हत्यारं. बाराबोर धरून तुमचा हा शेवटचा रकाना आहे. तो .२५ वर घालवू नका, .३२ घ्या.

आणि .३२ घेताना एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब, कडेवाल्या बुडाचं, पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसत नाही. दुकानात "बत्तीसची द्या" एवढंच म्हटलं की चुकीचा डबा हातात येतो.

हुक्केरी_माउझर
तुम्ही सगळे बारक्या बोअरवर अडकलाय. माउझर सी९६, ७.६३ बोअर, लाकडी होल्स्टरासकट बघा एकदा. त्याच्यासारखी घडण आता होत नाही.

कॅम्प_सुभेदार
माउझर लपवून ठेवायचं हत्यार नाही हो, आणि त्याच्या काडतुसाची बोंब .२५ पेक्षा मोठी. वर धोका म्हणजे त्याच मापाचं दिसणारं ७.६२ टोकारेव्ह कुणी आणून देतं. ते जास्त दाबाचं असतं, शतकभर जुन्या माउझरमध्ये मारलं तर बोल्ट मागे येऊ शकतो.

.२५ बद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. गोळी ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅम. दोन इंची नळीतून सेकंदाला साधारण २३० मीटर, ८५-९० ज्यूल. .३२ ची गोळी ७१ ग्रेन, ऊर्जा जवळजवळ दुप्पट. पण माझी हरकत ताकदीवर नाही. ब्राउनिंगने १९०५ च्या सुमारास हे काडतूस काढलं तेच लहान पिस्तुलात .२२ पेक्षा भरवशाचं व्हावं म्हणून. प्रायमर मधोमध असल्याने मिसफायर कमी. हरकत सरावाची आहे. .२५ ची काडतुसं डीलरकडे कधी असतात, कधी महिनोन्महिने नसतात, आणि असली की महाग. सहा गोळ्या भरून कपाटात ठेवलेलं आणि कधी न चालवलेलं पिस्तूल भरवशाचं नसतं. पिस्तुलाचे पैसे देण्याआधी डीलरकडे काडतुसं बघा, लायसनवर जेवढी मुभा असेल तेवढी.

विकणारा स्वतःची जुनी काडतुसं दाखवेल. हिरवट पडलेली किंवा गोळी हलणारी असतील तर नको म्हणा. आवाज "फुस्स" आला तर तिथेच थांबायचं, पिस्तूल खोलून नळीतून आरपार बघायचं, दुसरी गोळी अजिबात नाही.

आणि चेंबर रिकामं ठेवून बाळगा. या पिस्तुलात गोळी चेंबरमध्ये असली की स्ट्रायकर पूर्ण ताणलेला असतो, त्याला धरून ठेवतो फक्त तो सिअर. दगडावर पडलं तर सुटू शकतं.

घटप्रभा_ऊसवाला
घेण्याआधी उसाच्या फडात दोन मारून बघा, सगळं कळतंय. आणि .३२ च घ्या.

टिळकवाडी_वकील
फडात नाही. निष्काळजीपणे गोळी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही २०१९ च्याच दुरुस्तीत आलंय. फडात पलीकडे तोडणीवाले आहेत की नाही ते दिसत नाही. गोळी रेंजवरच चालवायची. पुंगळ्या (उडवलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं) सांभाळून ठेवा, पुढची काडतुसं घेताना हिशोब विचारतात.

चिकोडी_पाटील
निवडणुकीत ठाण्यात जमा करावं लागेल तेही सांगून ठेवतो. देताना जाड तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, नंबर टाकलेली पावती घेऊन. माझ्या वॉल्थरला म्हणूनच अजून डाग नाही.

निपाणी_वखार
सगळ्यांचे आभार. .३२ चा आग्रह पटतो, पण उन्हाळ्यात पातळ सदऱ्याखाली ते दिसतं आणि मग ते घरीच राहील. म्हणून कोल्टच घेतोय, पण सुभेदारसाहेबांची यादी लावून. परवा जाऊन भिंगाने बघून आलो. नळीला बारीक खड्डे आहेत, कडी नाही. सिअर आणि दोन्ही सेफ्टी ठीक. एका मॅगझिनचे ओठ उघडलेत, रिकॉइल स्प्रिंगही मऊ आहे, त्यावर किंमत एक लाख तीसवर आली. उरलेले वीस हजार काडतुसं आणि गनस्मिथसाठी ठेवलेत. त्यांचं लायसन अखिल भारतीय आहे, त्यामुळे तेच बेळगावला आणून देतील. ठाण्यातली पोच मिळाली, ४५ दिवस सुरू झालेत. बेळगावात .२५ ची स्प्रिंग बसवून देणारा परवानाधारक गनस्मिथ कुणाला माहीत असेल तर सांगा.

हुक्केरी_माउझर
माउझर एकदा बघायला हवं होतं.

कॅम्प_सुभेदार
स्प्रिंग बसवायच्या आधी जुनीची लांबी, तारेची जाडी आणि वेढे मोजून लिहून ठेवा. नवी बसवली की स्लाइड पूर्ण मागे जाते का तेही बघा. तार जाड असली तर वेढे आधीच एकमेकांना टेकतात, आणि मग पुंगळी बाहेर पडत नाही.