मदत हवी आहे: कोल्हापुरातलं घर विकायचंय, दार आणि दर्शनी बाजूवर किती खर्च करावा?

माळावरची
मंडळी, सानेगुरुजी वसाहतीकडे आमचं बैठं घर आहे, वर गच्ची. बांधकाम १९८८ चं. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे पुण्याला आली, तेव्हापासून घर बंदच. आता भावंडांनी मिळून विकायचं ठरवलंय. एजंट गिऱ्हाइकं आणतोय. आतल्या खोल्या बघून कुणी नाक मुरडत नाही, पण फाटकाशीच चेहरे उतरतात आणि मग भाव पाडून मागतात.

दार पश्चिमेला, त्यामुळे पावसाचा मारा थेट त्यावर. दोन झडपांचं आहे. सागवानी आहे असं आई सांगते, पण वर चॉकलेटी ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की लाकूड दिसतच नाही. पावसाळ्यात खांद्यानं ढकलावं लागतं. उंबऱ्याशी चौकटीचा एक पाय काळा पडलाय. पायरीच्या दोन्ही अंगांना भिंतीवर हातभर उंचीपर्यंत लोणा (ओलीनं फुटलेला पांढरा खार), रंगाचे पापुद्रे हाताला येतात. छज्जाच्या खालची बाजूही तशीच. फाटक गंजलंय.

सुतारानं नवं सागवानी दार चौकटीसकट साठ हजार सांगितलं. दाजींचं म्हणणं, समोरच्या भिंतीला दगडी टाइल्स लावा, पुढं पत्र्याचं शेड घाला, घर एकदम बंगल्यासारखं दिसेल. बजेट सगळं मिळून दीड लाख, त्यापुढे गेलं तर भावंडांत वाजेल. दार बदलायचं की आहे तेच नीट करायचं? टाइल्सचं काय? आणि घातलेले पैसे भावात निघतात का?

पेठेतला
ताई, आधी दार काढायचं डोक्यातून काढा. १९८८ चं साग असेल तर तसलं लाकूड साठ हजारात मिळायचं नाही. खात्री करून घ्या. दार उघडलं की बिजागरीच्या बाजूची कड दिसते, तिथं चार बोटं रंग खरवडा. सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट लाकूड निघालं तर साग.

आता ते अडतंय कशानं ते बघा. साग फार फुगत नाही. दोन्ही झडपा जिथं मिळतात तिथं खाली घासत असेल तर वरची बिजागरी ढिली झालीय, लांब स्क्रू मारून भागतं. सगळ्या कडेनं आवळत असेल तर ओल. दाराची वरची आणि खालची कड कुणी रंगवतच नाही, पाणी शिरतं ते तिथून. पॉलिशवाल्याला दार बिजागरीतून उतरवूनच काम करायला सांगा आणि त्या दोन कडा स्वतः उभं राहून करून घ्या. न सांगता तो करणार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

काळ्या पडलेल्या पायात पेचकस टोचा. आत गेला तर कुजलंय. तेवढाच भाग कापून सागाचा तुकडा जोड मारून बसवतात, त्यासाठी अख्खी चौकट उखडायला लागत नाही. टिंबर मार्केटला जुन्या सागाचे तुकडे मिळतील.

पॉलिश मेलामाइन नको, ते आतल्या फर्निचरला. उन्हा-पावसातल्या दाराला बाहेरच्या वापराचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. आणि जुना रंग खरवडताना तोंडाला मास्क लावायचा, पोरंबाळं लांब. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा आली, तुमचा चॉकलेटी त्याच्या कितीतरी आधीचा.

उद्यमनगरी
वरच्या भावाशी सहमत. पण ताई, तुमचं खरं दुखणं दार नाही, लोणा आहे. टाइल्स लावल्या तर ओल आतच कोंडेल आणि दोन पावसाळ्यांत टाइल्स सुटायला लागतील. शिवाय कोल्हापूरचं गिऱ्हाईक लै तयार असतंय. नवी टाइल दिसली की बोटानं टकटक करून बघतंय, पोकळ वाजली की आधी विचारतंय, "मागं काय झाकलंय?"

हातभर उंचीचा लोणा म्हणजे पाणी खालून चढतंय किंवा पायरीवरून उडतंय. अंगणात नंतर पेव्हर ब्लॉक टाकलेत का? टाकताना जमीन वर आली आणि जोत्याला टेकली, असं बऱ्याच घरांत बघितलंय. रस्ताही दर डांबरीकरणाला वर चढतोय, मग पाणी गटारात जायचं सोडून आपल्या अंगणात. उतार घराकडून फाटकाकडं करून घ्या, भिंतीलगतची एक ओळ ब्लॉक काढा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणपट्टी आहे का बघा. ती नसली की पाणी छज्जाखालून सरकत भिंतीवर येतंय. सिमेंटची बारीक पट्टी ओढायला गवंड्याला एक दिवस पुरे.

मग सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, सुकू द्यायचं, नवं करायचं. नव्या प्लास्टरला महिनाभर दम द्या, मगच प्रायमर. ही कामं दसऱ्यानंतर. आत्ता घाईनं रंग मारला तर पावसाळ्यात पुन्हा तेच.

फाटक बदलू नका. तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड, वर इनॅमल. खालची पट्टी सडली असेल तर उद्यमनगरात कुणीही फॅब्रिकेटर तुकडा वेल्ड करून देतोय.

आकडेमोड
भावाबद्दल लिहितो, कारण इथं गोंधळ होतो. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य आणि करारातली किंमत यातलं जे जास्त त्यावर लागतं. रेकनरला तुमचं दार दिसत नाही. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून बघतो. विनापरवाना शेडनं मूल्य वाढणार नाही, उलट प्रश्न निघतील. तेव्हा दाजींचा पत्रा बाद.

दर्शनी बाजूचा फायदा वेगळा आहे. गिऱ्हाईक ओल दाखवून जे लाख-दोन लाख कापून मागतंय, ते कापायला त्याला निमित्त उरत नाही. नव्या दाराचे साठ हजार मात्र कुणी वर धरून देणार नाही.

बिलं जपून ठेवा, पण आशा फार ठेवू नका. कॅपिटल गेन्समध्ये, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना, सुधारणेचा खर्च धरता येतो, नुसता रंग हा डागडुजीत जातो. तुमच्या सीएला विचारा. आणि घरफाळा, पाणीपट्टी भरून प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लावून घेतलीत का? ते राहिलं असेल तर रंगाच्या आधी ते.

माळावरची
सगळ्यांचे आभार. भावाला पाठवलं होतं. कड खरवडली, सागच आहे. पेचकस डाव्या पायात अर्धा इंच गेला, उजवा ठणठणीत. पेव्हर ब्लॉकचं अगदी बरोबर, बाबांनी नंतर टाकलेत आणि ते जोत्याला भिडलेत. वारसांची नावं लागलीत, घरफाळा या वर्षीचा बाकी आहे.

एक राहिलं. एका गिऱ्हाइकानं लोणा बघून थेट विचारलं, "पुराचं पाणी आलं होतं का?" आमच्याकडे २०१९ लाही नव्हतं आणि २०२१ लाही नव्हतं, पण भिंत बघून त्याला पटेना.

पेठेतला
विचारणारच. २०१९ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीपर्यंत पाणी बघितलेली माणसं आहेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी झाली की निम्मं शहर फोनवर असतं. पुराची खूण सगळ्या भिंतींवर एका पातळीत, आत-बाहेर सारखी असते, लोणा वरखाली असतो. हे त्याला भिंतीपाशी नेऊनच दाखवा. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेच्या नकाशात आपला प्लॉट कुठं येतो त्याची प्रत एजंटाकडं ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा ती बरी.

माळावरची
हे उत्तम. तर आधी उतार आणि पाणपट्टी, मग प्लास्टर, दसऱ्यानंतर रंग, दार उतरवून पॉलिश. टाइल्स आणि पत्रा रद्द. जुन्या सागाचं पॉलिश करणारा, सांगितलेलं ऐकणारा मिस्त्री कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि दाजींना हे कुणी सांगायचं तेही सुचवा, त्यांनी टाइल्सचा नमुना गाडीत आणून ठेवलाय.