मदत हवी आहे: भाचीसाठी पोकेमॉनचा कोणता गेम घ्यावा?

मंडळी, माझी भाची दहा वर्षांची, पक्की पोकेमॉनवेडी. वाढदिवसाला तिला पहिला गेम द्यायचाय. घरी जुना स्विच (निन्टेंडोचा गेम खेळायचा कन्सोल) आहे, नवा स्विच २ नाही, आणि घोडं तिथंच अडलंय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्कार्लेट-व्हायोलेट या पोकेमॉन गेमच्या जोडीच्या पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या. पण जुन्या स्विचवर गेम अडखळतो. लांबची पवनचक्की तर एकेक फोटो सरकवल्यासारखी फिरते. २०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये सगळे जुने पोकेमॉन नव्हते, ते मी समजून घेतलं. पण हे अडखळणं नाही पटत. स्विच २ साठी २०२५ मध्ये मोफत अपडेट आलं आणि तिथे गेम सुरळीत चालायला लागला. जुन्या स्विचवाल्यांनी काय करायचं? एवढ्या खपाच्या मालिकेकडून नीट चालणारा गेम मागणं म्हणजे अवास्तव अपेक्षा नव्हे.

तर जुन्या स्विचवर लहान मुलीला लेट्स गो पिकाचू बरा की लेजेंड्स आर्सियस? स्कार्लेट आता कोणी खेळतंय का, अपडेटनंतर फरक पडलाय? आणि मुंबईत हिरापन्ना मार्केट किंवा लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड कार्ट्रिज (स्विचमध्ये घालायचं गेमचं कार्ड) घेताना अस्सल-नक्कल कशी ओळखायची? दादरहून जाणार आहे, येत्या रविवारच्या आत सांगाल तर बरं होईल.