मदत हवी आहे : मागावरून उतरवल्यावर चिंध्यांची आसने आकसतात

आडवा_धागा : आमच्या केंद्रात जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांपासून आसने विणली जातात आणि हे काम दोन अंध कारागीर करतात. मागावर आसन सरळ असते. उतरवले की दुसऱ्या दिवशी मध्येच कंबर आवळल्यासारखे दिसते. वारंवार सांगूनही फरक पडत नाही. त्यांचा हात सारखा पडावा यासाठी काय करावे? मागणी तोंडावर आली असल्याने कृपया त्वरित सांगावे.

धोटा : पट्ट्या कोणत्या कापडाच्या आहेत, हे आपण लिहिलेलेच नाही.

जुना_विणकर : कापडाचा काय संबंध? आडवी पट्टी ताणून टाकली की काठ आत ओढले जातात. ती कमानीसारखी सैल टाकावी आणि मगच फणी ठोकावी.

शिवणप्रेमी : माझ्या मते विणकाम सोडून शिलाई सुरू करावी, पायांत बळ नसलेल्यांसाठी यंत्राला मोटार बसवून तिची कळ हाताशी घेता येते.

धोटा : इथे प्रश्न दृष्टीचा आहे, पायांचा नव्हे. शिवाय हात घट्ट असता तर काठ मागावरच आत आले असते, उतरवेपर्यंत थांबले नसते.

आडवा_धागा : पट्ट्या सुमारे 3 सेंमी रुंद असून उभे धागे सुती आहेत. कपड्यांचे ढीग आम्ही रंगानुसार करतो, कारण गिऱ्हाईक रंगसंगती पाहते.

धोटा : म्हणजे लाल टीशर्ट आणि लाल चादर एकाच गुंड्यात! टीशर्टचे कापड फासांनी विणलेले असल्यामुळे विणताना ताणले जाते आणि ताण सुटताच आखडते. चादरीचे तसे होत नाही. पट्टी ओढून पाहा : टीशर्टची पट्टी कडा वळून नळीसारखी होते, चादरीच्या पट्टीचे दोरे सुटतात. हे बोटांनाही कळते.

जुना_विणकर : तरीही हात सैल हवाच.

आडवा_धागा : एक आसन उसवले. आवळलेल्या जागी सलग टीशर्टच्याच पट्ट्या निघाल्या. कारागिरांपैकी एकाने "ही पट्टी रबरासारखी येते" असे पूर्वीच सांगितले होते, पण आम्ही ती सबब समजलो. आता वर्गवारी त्या दोघांकडेच सोपवत आहोत. मजुरी आसनामागे देतो. वर्गवारीचा वेळ वेगळा धरावा का?

धोटा : अर्थातच धरावा. आणि बिघडलेल्या आसनांची मजुरी कापली असेल, तर तीही परत करावी.