मदत हवी आहे: कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, पण आत्यांना डोळे मिटून बसवत नाही, ध्यान कसं सुरू करायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. आत्यांना म्हणजे माझ्या सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोजची हार्मोनची गोळी आणि मधूनमधून फॉलोअप एवढंच उरलंय. रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर खूश, गल्ली खूश, पाव्हणे येऊन पेढे खाऊन गेले, फक्त घरात कुणाला धड झोप नाही.

ट्रीटमेंट चालू होती तेव्हा आत्या एकदम खमक्या होत्या, केमोला जाताना डब्यात लोणचं न्यायच्या आणि शेजारच्या बेडवरच्या बाईला द्यायच्या. आता सगळं संपल्यावर मात्र पाठ दुखली तरी "परत आलं काय गं?" म्हणून विचारतात आणि फॉलोअप जवळ आला की जेवणच सुटतं. जो येतो तो ध्यान करा म्हणतो. दिरांनी यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून दिला, डोळे मिटा, हलू नका, श्वासाकडे बघा. आत्या दोन मिनिटांत उठल्या. म्हणाल्या, "डोळं मिटलं की ती रेडिएशनची खोली दिसतीया, तिथंबी असंच हलू नका म्हणायचे आणि दार लावून सगळे बाहेर."

मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वेगळंच. रात्री उठून आत्यांचा श्वास चाललाय का बघतात, हे आत्यांनीच मला सांगितलं. त्यांना विचारलं तर "मला काय धाड भरलीय, पेशंट ती हाय" एवढंच. माझ्याबद्दल काय लिहू, ऑफिस, पोराची शाळा आणि घर यात चिडचिड होते आणि मग त्या चिडचिडीचीच लाज वाटते.

तर डोळे न मिटता काही करता येतं का, आणि नणंद म्हणते आळत्याच्या विपश्यना केंद्रात १० दिवस पाठवू, ते आत्ता योग्य होईल का? एक पाव्हणे तर सांगून गेलेत की रोज ध्यान केलं की कॅन्सर परत येत नाही, गोळ्या पण सुटतात. हे ऐकल्यापासून मला जास्तच धास्ती वाटायला लागलीय.

रंकाळ्याची हवा: ताई, मी पण यातून गेलीय, त्यामुळे आत्यांचं अगदी पटलं. मला श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं की धापच लागायची. मग एकीनं सांगितलं, डोळे उघडेच ठेव, खुर्चीत बस, पाय फरशीला टेकव आणि फक्त तळव्यांना काय लागतंय तेवढं बघ, गार, खडबडीत, काय असेल ते. नाहीतर बाहेरचे आवाज ऐकत बस, केएमटी बसचा हॉर्न, कुकरची शिट्टी, काहीही चालतं. तीन-चार मिनिटं बास. एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचा प्रकार असतो ना, त्यात छातीवर आलं की मला रडू यायचं, मी तेवढं गाळायचे. गाळलं म्हणून काही बिघडत नाही.

निवृत्त सिस्टर: मी कॅन्सर वॉर्डात काम केलंय. आधी त्या पाव्हण्यांचं निस्तरू. ध्यानानं कॅन्सर बरा होत नाही की परत यायचा थांबत नाही, गोळी एक दिवससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पण घालमेल, उदासपणा यावर उपयोग होतो हे खरं आहे. २०२३ मध्ये आस्को या अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं चिंता आणि डिप्रेशनसाठी माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाची, शिफारस केली, ट्रीटमेंट चालू असताना आणि संपल्यावरही. जॉन कबाट-झिन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सुरू केलेला ८ आठवड्यांचा कोर्स या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि त्यात चालणं, हलका योगसुद्धा येतो, नुसतं मांडी घालून बसणं नाही.

आणि एक, नवीन दुखणं आठवडाभर हटलं नाही तर ध्यानात दाबून टाकू नका, फॉलोअपची वाट न बघता दाखवा. आत्यांचं जेवण-झोप दोन आठवडे अशीच राहिली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागलं तर त्यात कमीपणा काही नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मामा आणि तुम्ही पण फोन करू शकता, पेशंटच पाहिजे असं नाही.

मौनी भावा: आळत्याला बसून आलोय म्हणून सांगतो. केंद्र चांगलंच आहे, फी नाही, दान ऐच्छिक. पण पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, बोलणं बंद, फोन जमा. ज्या माऊलीला दोन मिनिटं डोळे मिटून बसवत नाही तिला थेट तिथं नका सोडू. पुढं कधी जायचंच झालं तर फॉर्ममध्ये आजार, गोळ्या, झोपेचा त्रास सगळं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

पेठकर: मामांपुढं ध्यान हा शब्दच काढू नका, आमचे वडील त्या शब्दालाच उठून जायचे. "आत्यांना एकटं जायला भ्या वाटतंय, तुम्ही सोबत चला" म्हणा. रंकाळ्याला एक फेरी, मोबाईल घरी, पहिला टप्पा न बोलता फक्त पावलांकडे लक्ष, मग गप्पा. आमच्यात चौथ्या-पाचव्या फेरीला वडील स्वतःहून बोलायला लागले, ते पण आधी महापालिकेला शिव्या घालून.

धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. विपश्यना सध्या रद्द, नणंदेला हा धागाच पाठवला. तळव्यांचं आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या "एवढंच व्हय, हे तर मी भाकरी थापताना करते", तर आता भाकरी थापतानाच तेवढं करतात, हातांकडे लक्ष देऊन. मामा फिरायला तयार झालेत, पण सकाळी नको संध्याकाळी म्हणतात, बघू. अजून एक विचारायचं होतं, कोल्हापुरात ट्रीटमेंट संपलेल्या बायकांचा भेटण्याचा एखादा गट आहे का, दवाखान्यातला असो नाहीतर घरगुती? फोन नंबर इथं टाकू नका, मेसेज करा. आणि ज्यांच्या घरी फॉलोअपच्या आदल्या रात्री असं होतं ते त्या रात्री नेमकं काय करतात तेही लिहा, आमचा पुढचा जवळ आलाय.