लेदरचे ट्रेकिंग बूट: चढताना टाच उचलते, उतरताना अंगठा आपटतो, मदत हवी आहे

मंडळी, जरा सांगा. घोट्याच्या वरपर्यंतचे फुल लेदरचे बूट घेतलेत, दोन आठवडे टेकडीवर घालून फिरलो, काही त्रास नाही. मग राजगड-तोरणा केला, पाठीवर १० किलोची सॅक, आणि तोरण्यावरून वेल्ह्याला उतरताना डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. त्यात चढताना टाच आत वरखाली, फोड आलाच. म्हणजे बूट लांबीला कमी की टाचेला सैल तेच कळेना. दुकानदार म्हणतो लेदर आहे, पायाचा आकार घेईल, अहो पण लेदर रुंदीला सैलावतं, लांबीला थोडीच वाढणार? घोट्यापाशी नाडीला डबल पीळ देऊन बघितला, टाच जरा बसली, अंगठ्याचं तसंच. जाड इनसोल टाकू की सरळ अर्धा नंबर मोठा घेऊ?

अजून एक, पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करायचाय. मेण किती वेळा लावता? भिजले की चुलीजवळ वाळवायचे नाहीत एवढं माहितीय (मित्राचे तसेच तडकले), पण दमट हवेत दोन दोन दिवस ओलेच राहतात, मग बुरशी. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून भागतं का? ओल्या कातळावर सोल धरतो का तेही सांगा, वापरलेल्यांनीच प्लीज.