शब्दचर्चा : ‘पाठवू’, ‘पाठवणार आहोत’, ‘पाठवण्याचा बेत आहे’ आणि फ्रेंचमधला भविष्यकाळ

प्रश्न : सोलापुरातल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याच्या इंग्रजी पत्रांचे मी फ्रेंचमध्ये भाषांतर करते. पुढच्या आठवड्यात नमुने पाठवण्याचा इरादा आहे, अशा अर्थाचे वाक्य मी ‘नूझाँवेरों’ असे साध्या भविष्यकाळात उतरवले. ग्राहकाने तो शब्दच धरला आणि माल रंगाईत अडकल्यावर तगादा सुरू झाला. माझे काय चुकले?

उत्तर : ताई, आपण वापरलेले रूप शुद्धच आहे, पण मूळ वाक्यातला इरादा त्यातून गळला. ‘नूझाँवेरों’ म्हणजे ‘आम्ही पाठवू’, आणि व्यवहाराच्या पत्रात ते वचनासारखेच वाचले जाते. फ्रेंचमधल्या ‘आले’, म्हणजे जाणे, या क्रियापदाच्या आधाराने होणारे ‘नूझालों आँव्वाये’ हे ‘आम्ही पाठवणार आहोत’ याच्या जवळचे आहे. त्यात आधीच ठरलेली, हालचाल सुरू झालेली गोष्ट दिसते. आपल्याला मात्र या दोहोंपैकी एकही नको होते. तिथे ‘कोंते’ हे क्रियापद हवे. त्याचा मूळ अर्थ मोजणे असा असला, तरी पुढे दुसरे क्रियापद मूळ रूपात आले की त्याचा अर्थ ‘बेत असणे’ असा होतो : ‘नू कोंतों आँव्वाये’. त्याच जागी ‘पाँसे’, म्हणजे विचार करणे, घातले तर निश्चय थोडा सैल होतो.

इंग्रजी वाक्य हाती आले की ते आधी मनात मराठीत म्हणून पाहावे, असा माझा आग्रह आहे. दारावरची घंटा वाजल्यावर इंग्रज माणूस भविष्यकाळ वापरतो, आपण ‘मी बघतो’ म्हणतो आणि फ्रेंच माणूसही वर्तमानकाळातच ‘झी वे’ म्हणतो. ‘नमुने मिळतील तेव्हा कळवा’ यात इंग्रजी वर्तमानकाळ घेते, परंतु फ्रेंचमध्ये ‘काँ’, म्हणजे ‘जेव्हा’, याच्यापुढे मराठीसारखाच भविष्यकाळ येतो. मराठीचा हात सोडावा लागतो तो अटीच्या वाक्यात. आपण ‘नमुने मिळाले तर’ असे भूतकाळी रूप वापरतो; फ्रेंचमध्ये अशा अटीच्या ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्यानंतर वर्तमानकाळ घ्यावा, भविष्यकाळ कधीही नाही.

प्रश्नकर्तीकडून : आभारी आहे. रंगाई पूर्ण होईपर्यंत पत्रात ‘नू कोंतों’ ठेवीन. पार्सल बांधून तयार झाले की ‘नूझालों’ लिहीन.